माझ्या नावावर नसलेला फाऊल

बारा वर्षं मी पोटासाठी फुटबॉल खेळलो. सात क्लब झाले. गोल दोन केले, त्यातला एक आमच्याच जाळ्यात. गावात अजूनही पाहुण्याशी ओळख करून देताना कुणीतरी "ह्यो आमचो फुटबॉलर" म्हणतं. पाहुणा भुवया वर करून विचारतो, "कुठल्या टीममध्ये?" मी नावं सांगतो. पाहुणा म्हणतो, "अच्छा, अच्छा." त्या दुसऱ्या 'अच्छा'मध्ये माझी बारा वर्षं आरामात मावतात.

मी स्टॉपर होतो. म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहायचं आणि समोरून येणाऱ्याला पुढे जाऊ द्यायचं नाही. काम नीट केलं तर काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. चूक झाली की मात्र पाच हजार माणसांना तुमची आई आठवते.

आमचं घर डिचोली तालुक्यात, लाटंबार्से गावात. बाबा मूळचे दोडामार्गाकडचे. खाणीवर टिपर चालवायला आले आणि इथेच राहिले. संध्याकाळी घरी आले की कानाच्या पाळीपासून नखांपर्यंत खाणीच्या धुळीने लाल असायचे. बोलणं कमी. दिवसभर इंजिनचा आवाज ऐकून त्यांना माणसांचा आवाज नकोसा होत असावा.

मी एकोणीस वर्षांचा असताना डिचोलीच्या एका सामन्यात कुणीतरी मला पाहिलं आणि वास्कोच्या एका क्लबच्या ट्रायलला जायला सांगितलं. बाबांनी रजा टाकली. बस बदलत बदलत आम्ही दोघं वास्कोला पोचलो. मैदानावर साठ-सत्तर जण धावत होते. कोच गाडीत बसला होता. काचा वर, एसी चालू. काचेवर धूळ बसली की वायपर फिरवायचा. तीन तासांनी त्याने काच चार बोटं खाली केली आणि बाहेरच्या माणसाला काहीतरी सांगितलं. तो माणूस माझ्याकडे आला.

"उंची किती?"

"सहा फूट एक इंच."

"हेडर मारता येतो?"

"येतो."

"सोमवारपासून ये."

त्या तीन तासांत डोक्याने चेंडू मारायची संधी मला एकदाही मिळाली नव्हती. उंचीवर घेतलं मला, घराला वासा घेतात तसं.

परतीच्या बसमध्ये बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "जुनो टिपर घेतानाव माणूस टायराक लाथ मारून बघता." बस्स. अभिनंदन वगैरे आमच्या घरात चालत नसे.

क्लबने आम्हा सहा जणांना बंदराजवळच्या दोन खोल्यांत ठेवलं. बंदरात कोळसा उतरायचा. सकाळी जनेल उघडलं की चौकटीवर बोट फिरवून नाव लिहिता यायचं. घरी लाल धूळ, इथे काळी. एवढी प्रगती मी केली होती.

माझ्या शेजारच्या गादीवर हरमलचा एक विंगर झोपायचा. तो आमच्यातला खरा खेळाडू. घरचे मासेमारी करणारे. लहानपणापासून रेतीत अनवाणी, जाळी ओढत वाढलेला, त्यामुळे पाय असे की गवतावर त्याला पळताना बघून वाटावं, याचं वजन कुणीतरी दुसराच उचलतोय. चणीने लहान. डावा पाय सोन्याचा. सकाळी पदेराकडचे चार उंडे पाव आणि आईने दिलेलं सुक्या मासळीचं किसमूर एवढं खाऊन यायचा आणि सरावात मला दिवसातून वीस वेळा चकवून पुढे जायचा. पुढे गेला की मागे न बघता म्हणायचा, "गेलंय हां!"

मी संतापायचो. पण सहा-आठ महिन्यांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आत वळण्याआधी त्याचा उजवा खांदा किंचित खाली यायचा. अगदी बोटभर. शंभरातल्या नव्व्याण्णवांना दिसणार नाही. मी त्याला एकदा ते सांगितलं. तो गादीवर उठूनच बसला.

"कोणाक सांगू नको," तो म्हणाला. "तां माझां पोट आसा."

"नाय सांगणार," मी म्हटलं.

आणि मी सांगितलं नाही कुणाला. हे लक्षात ठेवा म्हणजे माझ्या प्रामाणिकपणाची किंमत कळेल.

क्लबचे सेक्रेटरी जहाजांना भाजी-किराणा पुरवणारे एक गृहस्थ होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. मोसमाच्या सुरुवातीला ते आम्हाला रांगेत उभं करून भाषण देत. क्लब म्हणजे कुटुंब, हे त्यांचं लाडकं वाक्य. ते वाक्य बोलताना त्यांचा आवाज दाटून यायचा. कांदे चिरताना येतो तसा. या कुटुंबप्रमुखांनी मला पहिली दोन वर्षं माझ्या आधीच्या स्टॉपरच्या नावाने हाक मारली. मी 'ओ' देत गेलो. त्या स्टॉपरचं पुढे काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही, आणि माझ्यानंतर आलेल्यानेही माझ्याबद्दल विचारलं नसणार.

दोन मोसमांनंतर हरमलच्या त्या पोराला मडगावकडच्या एका मोठ्या क्लबने उचललं. जाताना त्याने त्याची बादली, चटई आणि किसमुराची अर्धी बरणी मला दिली. मला क्लबने उसना पाठवला. उसना, हा शब्द माझा नाही, कागदावर तसंच होतं. वाटीभर साखर पाठवावी तसं माणूस पाठवतात. आधी मुंबई, मग कोलकाता, मग ईशान्येकडच्या एका डोंगरी गावात. तिथे ढग मैदानावर उतरायचे आणि कॉर्नर कुणी मारला हे चेंडू डोक्यावर आपटल्यावर कळायचं. कोलकात्यात मी एका मोसमात सात सामने खेळलो आणि सत्तावीस सामने बाकावर बसून पाहिले. बाकावर बसणं हीसुद्धा कला आहे. चेहरा असा ठेवावा लागतो की संघ जिंकावा असं वाटतंय, आणि मनात असतं, आज तरी स्टॉपरचा पाय मुरगळू दे. असं वाटत नसलेला खेळाडू मला एकही भेटला नाही, आणि ते उघड बोलणाराही नाही.

चार वर्षांनी मी वास्कोला परत आलो. नवा कोच होता. सरांनी मला ओळखलं नाही, पण भाषण तेच केलं.

त्या मोसमाच्या शेवटी मडगावच्या मैदानावर सामना होता. आम्ही हरलो असतो तर खालच्या गटात गेलो असतो. समोर हरमलचा विंगर. तोवर तो नावाजला होता, पेपरात दर आठवड्याला फोटो, राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलेलं. सामन्याआधी कोचने फळ्यावर खडूने एक गोल काढला, त्यात त्याच्या जर्सीचा नंबर लिहिला आणि माझ्याकडे वळला.

"तू ह्याच्याबरोबर राहिलायस ना?"

"हो, कोच."

"मग जुनी ओळख आहे. पहिल्या दहा मिनिटांत परत करून दे."

सगळे हसले. मीही हसलो. कुणी 'पाय मोड' म्हटलं नाही. असले लोक कधीच तसं म्हणत नाहीत, म्हणून तर ते कोच राहतात आणि आपण वर्षाच्या कराराचे.

मैदानात शिरताना तो माझ्याकडे बघून हसला. "जेवलंस मरे?" त्याने विचारलं. मी मान डोलावली. आठव्या मिनिटाला त्याला डावीकडे चेंडू मिळाला. आमचा राईट बॅक एका झटक्यात मागे पडला. मी समोर आलो. त्याने चेंडू पुढे ढकलला, वर पाहिलं, आणि त्याचा उजवा खांदा बोटभर खाली आला.

कुठल्याही स्टॉपरला तिथे दोन वाटा असतात. तो आत वळणार हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मी नुसता तिथे जाऊन उभा राहिलो असतो तरी चेंडू मला मिळाला असता. अख्ख्या आयुष्यात एवढा सोपा चेंडू माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. मी उभा राहिलो नाही. दोन्ही पाय पुढे टाकून घसरलो, आणि चेंडूच्या वरून त्याच्या नडगीवर गेलो. आवाज आला. काजूच्या सुक्या फांदीवर पाय पडल्यावर येतो तसा.

तो ओरडला नाही. हात गवतावर टेकून बसला आणि आपल्या नडगीकडे बघत राहिला. नडगी जिथे सरळ असायला हवी तिथे सरळ नव्हती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रेफ्रीकडे पाहिलं. रेफ्रीने पिवळं कार्ड काढलं. पिवळं! लाल काढलं असतं तर मला निदान मैदानातून निघून जाता आलं असतं. मी उरलेली ब्याऐंशी मिनिटं खेळलो, आणि लाज वाटते सांगायला, पण चांगला खेळलो. आम्ही एक गोलने जिंकलो.

ड्रेसिंग रूममध्ये पोरं टेबलं बडवून गात होती. सर आत आले, सरळ माझ्याकडे आले, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि माझं नाव घेतलं. बरोबर घेतलं, आडनावासकट. म्हणजे इतकी वर्षं त्यांना ते ठाऊक होतं तर! पुढच्या आठवड्यात माझा करार दोन वर्षांनी वाढला.

बाबा त्या दिवशी प्रेक्षकांत होते. बाहेर बसस्टँडवर भेटले. मी म्हटलं, "खेळात होतं असं." डिचोलीची बस आली, चढताना ते थांबले.

"गाडयेच्या आडवो माणूस इलो तर आमी ब्रेक मारतो," ते म्हणाले. "तू काय मारलंस?"

त्यानंतर ते माझा एकही सामना बघायला आले नाहीत. पुढे खाणी बंद पडल्या, त्यांनी मधल्या काळात स्वतःचा घेतलेला टिपर अंगणात गंजत उभा राहिला, बाबांना वेळच वेळ होता. पण आले नाहीत. मी विचारलंही नाही.

सामन्यानंतर चौथ्या दिवशी मी त्या विंगरला बघायला इस्पितळात गेलो. गेलो म्हणजे फाटकापर्यंत. हातात अर्धा डझन केळी होती, चांगली, गोव्यात नावाजलेली मोयऱ्याची. फाटकात त्याच्या क्लबचे दोघं-तिघं उभे दिसले. मी रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली थांबलो. ते गेले. तरी मी थांबलोच. मग वास्कोची बस आली आणि मी तिच्यात चढलो. बसमध्ये मी ती सहाही केळी एकामागून एक खाल्ली. मी स्वतःविषयी कुणाला काही सांगायचं झालं तर एवढंच सांगितलं तरी पुरे आहे.

तो पुन्हा खेळला नाही. त्याच्या क्लबने दोनदा पेपरात छापलं की तो लवकरच परतेल. मग छापणं थांबलं. शिबिराला दुसरा कुणीतरी गेला.

मी आणखी पाच मोसम खेळलो. मला आता एक कीर्ती लाभली होती. कोचांच्या एकमेकांशी गप्पा होतात. केरळच्या एका क्लबने मला घेतलं तेव्हा तिथला कोच म्हणाला, "तू तोच ना, कडक स्टॉपर?" गंमत अशी की त्या दिवसानंतर मी एकदाही घसरून टॅकल केला नाही. पायच पुढे जायचा नाही. विंगर माझ्या अंगावरून जात आणि मी त्यांच्याबरोबर सभ्यपणे धावत राही, पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला जावं तसा. तरी 'कडक' हे बिरुद टिकलं. फुटबॉलमध्ये माणसाला बघायचे कष्ट कुणी घेत नाही. कुणीतरी एकदा बोललेलं पुढे चालत राहतं.

शेवटचा क्लब पुन्हा गोव्यातलाच. त्यांनी सीनियर संघ बंद केला, ते आम्हाला व्हॉट्सअपवर कळलं. हात जोडलेली तीन चित्रं, 'प्रवासातील साथीबद्दल आभार', आणि दोन मिनिटांनी मॅनेजर ग्रुपमधून बाहेर. मी तेव्हा सरावाला जायला बूट बांधत होतो. बूट सोडले आणि आईबरोबर काजूच्या बागेत बोंडू गोळा करायला गेलो.

गावाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि एक ढाल. ढालीवर बॅट उगारलेला क्रिकेटर होता. डिचोलीच्या दुकानात फुटबॉलवाली संपली होती म्हणे. पंचायतीच्या पंचसाहेबांनी माझ्या 'झुंजार' खेळाबद्दल वीस मिनिटं भाषण केलं. त्यांनी माझा एकही सामना पाहिला नव्हता. बाबा शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या कदेलीवर बसून होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या मांडवात तेवढा एकच माणूस मला आदर वाटण्यासारखा होता.

मोप्याला विमानतळ झाला तसा मी टॅक्सी घेतली. प्रवासी उचलायचे आणि किनाऱ्यावर नेऊन टाकायचे. निम्मे हरमलला जातात. तिथे त्या विंगरने किनाऱ्यावर जेवणाचा शॅक टाकलाय, मागे चार खोल्या भाड्याने देतो, दोन स्कूटरही ठेवल्यात, हे मला इतर ड्रायव्हरांकडून कळलं होतं. म्हणून मी प्रवाशांना अलीकडच्या वळणावरच उतरवायचो. "पुढे गाडी जात नाही," असं सांगायचो. गाडी जायची. दोन वर्षं मी हे खोटं दिवसातून एकदा तरी बोलत होतो.

गेल्या हिवाळ्यात नागपूरची चौघं होती, दोन जोडपी. सामान भरपूर. वळणावर थांबलो तर समोरून त्यांची खोलीवाली बाई चालत आली आणि म्हणाली, "गाडी थेट दारात येता मरे, हांगा कित्याक थांबलंत?" ती त्याची बायको होती. आता काय करणार? नेली गाडी दारात.

दुपारची वेळ. तो गल्ल्यापाशी उभा होता. केस विरळ झालेले, पोट सुटलेलं. डावा पाय किंचित बाहेर फेकत तो पुढे आला. त्याने मला पाहिलं. मी सामान उतरवत होतो. जवळ येऊन त्याने एक बॅग उचलली.

"जेवतलंस?" त्याने विचारलं.

मी डिकी बंद केली. "जेवतो," म्हटलं.

नागपूरकरांनी मला त्यांच्याच टेबलाशी बसवलं. माणसं चांगली होती. तो ताटं घेऊन आला, शीत-भात, माशाचं हुमण, तळलेला बांगडा. त्यांच्यातल्या एकाने त्याचं चालणं पाहिलं होतं. "काका, पायाला काय झालं?"

त्याने ताटं ठेवली, कमरेवर हात ठेवले. ही गोष्ट त्याने शेकडो वेळा सांगितली असणार, हे त्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. "मी फुटबॉल खेळायचो. इंडियाच्या कॅम्पला निवड झाली होती. मडगावला मॅच, दहा हजार पब्लिक. समोर ब्राझीलचा स्टॉपर. साडेसहा फूट. तिकडच्या मोठ्या क्लबातून आणलेला. मी त्याला दोनदा चकवला, तिसऱ्यांदा चकवला, तेव्हा त्याने राग राग करून..." त्याने दोन्ही हातांनी काटकी मोडल्यासारखं केलं. बायका 'अगं बाई' म्हणाल्या.

मी घास तसाच हातात धरून बसलो होतो.

"ब्राझीलचा कुणी नव्हता," मी म्हटलं. "मी होतो तो. मी मोडला पाय."

क्षणभर चौघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोटाकडे, पांढऱ्या युनिफॉर्मच्या शर्टाकडे, मग एकमेकांकडे. आणि खो खो हसायला लागले. "दादा, तुम्ही भारी आहात!" एक जण म्हणाला. मी विंगरकडे पाहिलं, त्याने काहीतरी बोलावं म्हणून.

"ह्यो?" तो म्हणाला. "ह्यो टॅक्सीवालो. ह्येका ऑफसाईडसुद्धा कळना नाय." आणि स्वयंपाकघरात निघून गेला.

मी हात धुऊन मागे गेलो. तो पाटावर बसून कोळंबी, आमची सुंगटं, सोलत होता. डावा पाय सरळ पसरलेला.

"खोटं कशाला सांगतोस?" मी विचारलं.

"मगे खरां सांगू?" त्याने मान वर केली नाही. "पयल्या वर्सा सांगलंय खरां. मुंबयच्या एका माणसान मोबाईलार तुझां नाव घालून बघल्यान. कायच येवक नाय. माका म्हणता, असो खेळाडूच नाय. माका लाज दिसली रे. पाय मोडलो तो मोडलो, आणि मोडल्यान कोणी? जेचो पत्तोच नाय तेणी! तेच्यापरस ब्राझीलवालो बरो. गिऱ्हाईक आणि एक बिअर मागवता."

मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. बारा वर्षांत माझ्या हातून आठवणीत राहण्यासारखी एकच गोष्ट घडली होती, आणि तीही एका ब्राझीलवाल्याच्या नावावर जमा झाली होती. हसू येण्यासारखं होतं. मला आलं नाही.

"मी मुद्दाम घातला पाय," मी म्हटलं. "तुझा खांदा बघून."

"ठावक आसा माका." सुंगटाचं डोकं काढून त्याने बाजूला टाकलं. "दुसऱ्या कोणाक खांदो ठावकच नव्हतो. थंयच कळलां." त्याने पुढचं सुंगट उचललं. "मारलंस तेचां काय नाय. मारतत खेळात. मीय लोकांक कमी मारूक नाय. पण हॉस्पिटलात मी तुझी वाट बघी होतंय. म्हटलां, येतलो. तू काय इलंस नाय."

"आलो होतो. फाटकापर्यंत. केळी घेऊन."

"मगे केळी खंय गेली?"

"खाल्ली मी."

आता त्याने मान वर केली. "सगळी?"

"सहाच्या सहा."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की पाय मोडल्यावरही त्याने तसं पाहिलं नव्हतं. "गाढव," तो शेवटी म्हणाला. "निदान माझ्या वाट्याची तीन तरी गेटार ठेवची होतस."

एवढ्यात त्याची बायको आत आली. मी कोण, हे तिला कधी कळलं कोण जाणे. बहुधा दारामागून ऐकलं असावं. ती माझ्यावर चिडेल असं मला वाटलं. ती चिडली, पण त्याच्यावर. "भावजी, तुमीच सांगा आता ह्येंका. पायातलो रॉड काढूक डॉक्टरान कवाच सांगल्यान. पावसात रातभर कण्हतत. पण इस्पितळ म्हटलां की ह्येंचे हातपाय गळतत. म्हणे गाडी नाय."

"सोमवारी गाडी घेऊन येतो," मी म्हटलं.

तो पुन्हा सुंगटांकडे वळला. "मीटर लावतलंस?"

"बघू."

सोमवारी मी गेलो तेव्हा तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसला होता, लग्नाला निघाल्यासारखा. इस्पितळाच्या फाटकातून मी या वेळी आत गेलो. यात काही मोठेपणा नाही; मागच्या सीटवर पेशंट असला की फाटकाबाहेर झाडाखाली थांबता येत नाही. खिडकीवरच्या बाईने फॉर्म पुढे केला. "पेशंटबरोबर कोण? नातं काय?"

मी पेन हातात धरून घुटमळलो. मागून चाकाच्या खुर्चीतून त्याचा आवाज आला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा, "ड्रायव्हर! ड्रायव्हर म्हणान लिवा!"

बाईने ड्रायव्हर लिहिलं. रांगेतले लोक हसले. खोटं काय होतं त्यात?

दोन दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. बाकावर बसायची सवय मला आहेच. रॉड निघाला. इतक्या वर्षांनी तो निघताना डॉक्टरांचा घाम काढला म्हणे. त्यांनी तो एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या हातात दिला. वीतभरापेक्षा लांब, वाकडा नाही, डाग नाही, आणि चार स्क्रू. त्याने तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितला. मला हात लावायला दिला नाही.

पाचव्या दिवशी मी त्याला घरी घेऊन निघालो. मागे उशीवर पाय पसरून बसलेला. पेडण्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एका शेतात सामना चालला होता, कापणी झालेल्या मळ्यात चुन्याच्या रेघा मारून. लाऊडस्पीकरवर कुणीतरी तारस्वरात बोलत होतं. "थांब रे," तो म्हणाला.

मी गाडी कडेला घेतली. काच खाली केली. लाल जर्सीवाल्यांचा एक विंगर चांगला होता. त्याने दोघांना मागे टाकलं. पिवळ्यांचा स्टॉपर, चांगला सहा फुटी, त्याच्यावर धावून आला, भलतीकडेच घसरला आणि दहा-बारा हात पुढे जाऊन धुळीत थांबला. विंगरने आरामात गोल मारला. लाऊडस्पीकर बेभान झाला.

"उंचीवर घेतलो असतलो," मी म्हटलं.

"कोणाक? त्या दांडग्याक?" तो खिडकीतून मान बाहेर काढून बघत होता. "पायांत मेंदू नाय, डोक्यात पाय नाय. पंचाक तरी बघ, खंय उभो आसा! म्हशीचो गुराखी बरो." मग त्याने दोन्ही संघांना, आयोजकांना, ट्रॉफी देणाऱ्या आमदाराला आणि मैदानाला एकेक करून शिव्या घातल्या. मीही घातल्या. आम्ही दोघांनी मिळून त्या मळ्यातल्या एकाही माणसाला सोडलं नाही. कितीतरी वर्षांत मी एखादा सामना एवढ्या आनंदाने पाहिला नव्हता.

हाफ टाइम झाला. त्याने पाय उशीवर नीट केला.

"चल," तो म्हणाला. "भूक लागली."